खोडावरचा डोळा : ‘स्टार ट्रेक’पासून सिंदेवाहीपर्यंत

१/ ऑक्टोबर १९८९. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा ‘हू वॉचेस द वॉचर्स’ हा भाग प्रसारित झाला. भविष्याकडे आशेने पाहणाऱ्या या मालिकेने त्यात एक अवघड प्रश्न विचारला : हेतू चांगला असला, तरी कोणाकडे लपून पाहावे का?

२/ कथेत शास्त्रज्ञ परग्रहावरील कांस्ययुगीन समाजाचे गुप्तपणे निरीक्षण करत असतात. खडकाचा आभास निर्माण करणारे यंत्र बिघडते, केंद्र उघडे पडते आणि एक ग्रामस्थ कप्तान पिकार्डला देव मानू लागतो. अखेरीस केंद्र हटवले जाते.

३/ भारतातील रानांत असा डोळा आला तो वाघांसाठी. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्कात वाघ उरले नसल्याचे उघड झाले आणि पाऊलठशांवरील गणनेचा भरवसा उडाला. २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आले. २०१८ च्या गणनेत ते २६,८३८ ठिकाणी होते.

४/ त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. वाघ होता ७६,६५१ छायाचित्रांत, म्हणजे हजारात जेमतेम दोन. समोरून जाणारा वाघ की मोहफुले वेचणारी बाई, हा भेद खोडावरचा कॅमेरा करत नाही.

५/ त्याच २००६ साली वनहक्क कायदा संमत झाला. गौण वनोपजावरील ग्रामस्थांचा हक्क त्याने मान्य केला. एकाच वर्षी रानात कॅमेराही आला आणि माणसाचा हक्कही.

६/ चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीत या दोहोंची गाठ पडते. १० मे २०२५ रोजी तेथे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघ कोठे फिरतो हे कळणे, हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न आहे.

७/ मात्र उत्तराखंडातील कॉर्बेट परिसराविषयीचे केंब्रिज विद्यापीठाचे २०२४ मधील संशोधन दुसरी बाजू दाखवते. श्वापदे दूर राहावीत म्हणून रानात मोठ्याने गाणाऱ्या स्त्रिया कॅमेऱ्याच्या धास्तीने गप्प झाल्या. रक्षणासाठी लावलेल्या डोळ्याने त्यांचे जुने संरक्षण काढून घेतले.

८/ पिकार्डला केंद्र हटवता आले; सिंदेवाहीला कॅमेरा सोडता येणार नाही. पण त्याचे लपणे संपवता येईल. तो कोठे आहे, छायाचित्रे कोण पाहतो आणि माणसांची छायाचित्रे केव्हा पुसली जातात, हे ग्रामसभेला ठाऊक असले, तर तो पाळतीचा डोळा न राहता गावाचा राखणदार होईल.