पाठीवरचे यंत्र : हलके की दमदार?

वऱ्हाडचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आधी पाय चालवावे लागतात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला, पुढे मध्यप्रांत, मध्य प्रदेश, मुंबई राज्य असे करत १९६० साली महाराष्ट्रात आला. धनी बदलत गेले आणि दप्तरे विखुरली. काही हैदराबादेत, काही नागपुरात, काही जिल्ह्याच्या ठिकाणी. आणि जे मुळात सरकारी नव्हतेच, म्हणजे सावकारांच्या कीर्दी, कपाशीच्या अडतीचे रोजमेळ, वतनाचे कागद, ते अजून लोकांच्या माळ्यावर आहेत. माझे हिवरखेड तेल्हारा तालुक्यातले (मोर्शीकडचे हिवरखेड वेगळे). अकोला-खंडवा मीटरगेज बंद झाल्यापासून प्रवास एसटीचा. म्हणून नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आली तेव्हा ‘हलका घ्यावा की दमदार’ हा प्रश्न मला दुकानदारीचा वाटला नाही. साधने कागदांपाशी न्यायची की कागद साधनांपाशी आणायचे, असा तो जुना प्रश्न आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढची कितीतरी वर्षे गावोगाव हिंडून दप्तरे पाहिली. त्यांच्या पाठीवर यंत्र नव्हते, एवढाच फरक.

माझ्यापुरता प्रश्न एका घरात उभा राहिला. आमच्या भागातल्या एका जुन्या अडत्याच्या वाड्यात मोडी आणि बाळबोध मिसळलेल्या पाच चोपड्या निघाल्या. घरातल्या आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावले, “पायजे तेवढं पाय भाऊ, पन वही घराबाहीर नाई जाईन.” त्यांचे बरोबरच होते. पूर्वी कोणी तरी दोन चोपड्या ‘वाचून आणतो’ म्हणून नेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. मी एका मित्राचा दणकट लॅपटॉप मागून नेला. यंत्र अडीच किलोच्या आसपास, त्याचा चार्जर विटेसारखा. कॅमेऱ्यातली पाने त्याने झरझर उघडली, पण दुपारी वीज गेली आणि दोन तासांत तोही मिटला. पुन्हा जायला पावसाळ्यानंतरचा मुहूर्त लागला. तोवर एका चोपडीच्या मधल्या पानांना वाळवी लागली होती. त्या पानांवर काय होते, ते आता कोणालाच वाचता येणार नाही.

हलके आणि दमदार यांतली ही ओढाताण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑसबॉर्न-१ हा ‘उचलून नेण्याजोगा’ संगणक आला. त्याचे वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, आणि आत बॅटरी नाही. शिवणयंत्राच्या पेटीसारखा तो एका हाताने उचलायचा आणि दुसऱ्या टोकाला वीज शोधायची. पुढच्याच वर्षीचा ग्रिड कंपास पाचेक किलोवर आला, पण किंमत आठ हजार डॉलरांच्या वर. तो अवकाशयानातून गेला. सामान्य माणसाच्या खांद्यावर मात्र आला नाही.

मराठी माणसाला या शर्यतीत आणखी एक ओझे होते, त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. ते ओझे म्हणजे देवनागरी. त्या काळचे संगणक पडद्यावर इंग्रजी अक्षरे ठरावीक चौकटींत मांडत. आपली ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, जोडाक्षरे रूप बदलतात, रफार डोक्यावर चढतो. हे त्या चौकटींत मावत नव्हते. कानपूरच्या आयआयटीत यावर काम झाले, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढले आणि जिस्ट कार्ड या नावाने कचेऱ्यांत पोहोचले. हे कार्ड संगणकाच्या पोटातल्या खाचेत बसवायचे. अक्षरे जुळवण्याचे काम ते स्वतः करी. पण खाच असायची टेबलावरच्या मोठ्या संगणकाला. मांडीवरच्या सडपातळ यंत्रात बहुधा अशी जागाच नसे. म्हणजे ज्याला मराठीत लिहायचे, त्याला जड यंत्रच घेणे भाग होते. १९९१ साली इस्कीचे भारतीय मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली, विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय अंगभूत झाली, आणि हे ओझे उतरले. (मधल्या काळात निरनिराळ्या फॉन्टांत टाइप केलेले माझे लेख आज उघडले की नुसती चिन्हे दिसतात. ते दुःख वेगळे.)

दमदारपणाची गोष्ट तर थेट आमच्या जिल्ह्यातल्या माणसाशी जोडलेली आहे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्यात १९४६ साली जन्मलेले विजय भटकर सी-डॅकचे पहिले प्रमुख. अमेरिकेने क्रे महासंगणक देताना खळखळ केली, तेव्हा त्यांच्या चमूने १९९१ साली परम ८००० उभा केला. त्यात एकच राक्षसी मेंदू नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान लहान चिप एकमेकींना जोडून काम वाटून दिले होते. त्याचा कमाल वेग सुमारे एक गिगाफ्लॉप. आज दुकानातला मध्यम लॅपटॉपही कागदोपत्री त्याच्या शंभरपट पुढे आहे.

तेव्हा खरा अडथळा वेगाचा उरला नाही, उष्णतेचा उरला. इंटेलने २००३ साली सेंट्रिनो आणली, तीत पेंटियम-एम ही चिप पेंटियम-४ पेक्षा कमी गिगाहर्ट्झवर चालूनही कमी विजेत तेवढेच काम उरकत असे. गिगाहर्ट्झच्या आकड्यावर यंत्र घेणारे तेव्हा फसले. आजही पातळ आणि जाड यंत्रांत नावापुरती सारखी चिप असू शकते, पण पातळ यंत्राला उष्णता बाहेर टाकता आली नाही की ते स्वतःच वेग उतरवते. अकोल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दुकानातल्या एसीखाली घेतलेली परीक्षा इथे कामाची नाही.

माझा हिशेब असा. चोवीस मेगापिक्सेलचे एक पान साठवले की पंचवीस-तीस एमबी, तीनशे पानांची चोपडी आठ-नऊ जीबी. सुधारणेसाठी पूर्ण रंगखोलीत पान उघडले की मेमरीत ते एकटेच दीडशे एमबीच्या घरात जाते. दहा-बारा पाने शेजारी ठेवून एकाच हाताची अक्षरे ताडायची, तर आठ जीबीत यंत्र गुदमरते. मात्र त्यासाठी खेळ खेळणाऱ्यांचे ग्राफिक कार्ड लागत नाही. फिकट शाई उठवायला रात्र लागली तर रात्र माझीच आहे. आजोबांची वेळ मात्र माझ्या हातात नाही.

सव्वा किलोचा घेतला. मेमरी सोळा जीबी घेतली, कारण अशा बहुतेक यंत्रांत ती सोल्डर केलेली असते, मागाहून वाढत नाही. वाचलेल्या पैशांत एक बाहेरची एसएसडी घेतली. एक प्रत तिच्यावर, एक आजोबांच्या नातवाकडे. गेल्या वैशाखात पडवीत सकाळी सहा ते दहा काम केले. दहानंतर यंत्र रेंगाळू लागे आणि मीही. चोपड्या चार झाल्या. वाळवीची पाचवी पान-पान सोडवत घ्यावी लागते आहे. आजोबा शेजारी बसून, बोटाने ओळ दाखवत, आपल्या वडिलांचे हस्ताक्षर कुठून सुरू होते ते सांगतात.