परमुलखातील फेस्त : मुंबईकरांची जुन्या गोव्याची वाट

परदेशगमन म्हटले की मुंबईच्या सुशिक्षित घरांत विलायतेची आगबोट, लोकरीचे कपडे आणि पासपोर्ट यांच्या गोष्टी निघत. गिरगावातील खोताच्या वाडीत मात्र परदेश पुष्कळच जवळ होता. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत, लाकडी जिन्यांच्या व ऐसपैस ओसऱ्यांच्या घरांतून, ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे राहत आली. ईस्ट इंडियन हे मूळचे मुंबई-साष्टीचे, घरी मराठी बोलणारे लोक. गोवेकरांहून आपण निराळे आहोत हे सरकारच्या ध्यानी आणून देण्यासाठीच त्यांनी १८८७ साली हे नाव धारण केले. तरीपण दोघांचीही पावले ज्या एका यात्रेकडे वळत, ती यात्रा म्हणजे जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाचे दर्शन. आणि १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली असल्यामुळे, या यात्रेस निघालेला गिरगावकर कायद्याच्या दृष्टीने परमुलखात जाणारा प्रवासी होता.

झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर निवर्तले. त्यांचा देह १५५४ साली गोव्यास आणण्यात आला व पुढे बॉम जेझस मंदिरात ठेवला गेला. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांना पोर्तुगीज सरकारने १७५९ साली हद्दपार केल्यावर, त्यांनी मूळ देह पळविला अशी वदंता उठली. ती खोटी ठरविण्यासाठी फेब्रुवारी १७८२ मध्ये तीन दिवस देह सर्वांस दाखविण्यात आला. श्रद्धेचा हा सोहळा एका अफवेच्या निराकरणातून सुरू झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यानंतर १८५९, १८७८, १८९० आणि १९०० या साली, व पुढे साधारण दहा-बारा वर्षांच्या अंतराने, ही दर्शने होत आली.

जाणाऱ्याने बरोबर काय न्यावे, कोणत्या वाटेने जावे, कशाची धास्ती धरावी, या प्रश्नांची उत्तरे मात्र दर खेपेस निराळी होती.

१८७८ पर्यंत वाट एकच, समुद्राची. पावसाळ्यात कोकणची जलवाहतूक बंद पडे; परंतु संताची पुण्यतिथी ३ डिसेंबरची, म्हणजे समुद्र शांत असण्याच्या दिवसांतली. डेकवर वळकटी पसरून जो आधी जागा धरील, त्याची ती जागा. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांवर पडाव बोटीस लागत आणि माणसे, कोंबड्या, पेटारे यांची चढउतार होई. पणजीस उतरल्यावर आणखी सुमारे दहा किलोमीटरांची मजल. जुने गोवे ही एके काळची राजधानी, पण रोगराईने ओस पडलेली. तेथे मंदिरे भव्य, मात्र वस्ती जवळजवळ नाही. म्हणून मुक्काम पणजीस किंवा एखाद्या आप्ताच्या गावी करणे हाच शहाणपणा होता. ही व्यवस्था गोवेकरांच्या ‘कुडीं’तून सहज जुळे. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत प्रत्येक गावाची आपापली कूड असे; खलाशी, आचारी, वादक तेथे अल्प भाड्यात राहत. गावी कोण निघाले, कोणाबरोबर निरोप धाडावा, हे तेथे आपोआप कळे. छापील मार्गदर्शिकेपेक्षा अशी कूड अधिक उपयोगी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८७८ च्या डिसेंबरातच, दर्शन चालू असताना, ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. त्याने १८८० पासून दोन्ही मुलखांमधील जकात उठली आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले. १८८८ साली तो मार्ग कॅसलरॉकपर्यंत खुला झाला. १८९० चा यात्रेकरू त्यामुळे भाग्यवान ठरला. समुद्र लागणाऱ्या माणसास घाटाची वाट मिळाली, आणि सरहद्दीवर पेटी उघडून दाखविण्याचा त्रासही नव्हता. पोर्तुगीज रुपयाचे टांगे सोळा, आपल्या रुपयाचे आणे सोळा. तेव्हा हिशेबही अडत नसे. पण या करारामुळे गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा आला, त्याचा तेथे फार जाच झाला, आणि १८९२ साली करार संपुष्टात आला. १९०० साली निघालेल्यास कॅसलरॉकला ब्रिटिशांचे व कुळ्यास पोर्तुगीजांचे असे दोन जकातनाके लागले. शिवाय मुंबईत १८९६ पासून प्लेग होता; मुंबईहून येणारा माणूस सर्वत्र संशयाने पाहिला जाई.

१९१०, १९२२ आणि १९३१ ची दर्शने या मानाने निर्वेध झाली.

१९४२ चे दर्शन विलक्षण. संत गोव्यात प्रथम उतरले ते ६ मे १५४२ रोजी. त्याच्या चारशेव्या वर्षानिमित्त ते डिसेंबराऐवजी मे महिन्यात झाले. म्हणजे पावसाळा तोंडावर, आणि सिंगापूर व रंगून जपान्यांच्या हाती गेलेले. पोर्तुगाल तटस्थ असल्याने मुरगाव बंदरात आश्रयास आलेली तीन जर्मन व एक इटालियन जहाजे नांगरून पडली होती. आगगाडीने मुरगावास उतरणारा ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासी शत्रूची जहाजे अशी उघड्या डोळ्यांनी पाहू शके. पुढच्याच वर्षी, मार्च १९४३ मध्ये, ती जहाजे तेथेच बुडाली.

१९५२ चे दर्शन पोर्तुगीज अमलातील अखेरचे. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती. त्यामुळे जातानापेक्षा येतानाच्या सामानाची काळजी अधिक. गोव्यात घरोघरी मिळणारी फेणीची बाटली सरहद्द ओलांडताच गुन्ह्याचा माल ठरे. परंतु हे दुःख किरकोळच होते. खरे संकट तीन वर्षांनी आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. भारत सरकारने सरहद्द बंद केली, आगगाडी थांबली, व्यवहार तुटले. वसाहतवाद्यांवर दडपण आणण्यास हा उपाय आवश्यक होता, हे मान्यच केले पाहिजे. तथापि त्याची झळ लिस्बनपेक्षा गिरगाव-धोबीतलावच्या बिऱ्हाडांस आधी लागली. मुलगा मुंबईत, आई साष्टी-बार्देशात. लग्न असो वा अंत्यविधी, परवान्यावाचून जाणे अशक्य झाले. साडेचारशे वर्षे जी सरहद्द यात्रेकरूने फारशी मनावर घेतली नव्हती, ती ऐन उतरणीच्या काळात भिंत होऊन उभी राहिली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढचे दर्शन नोव्हेंबर १९६४ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल २ डिसेंबरास मुंबईत उतरले. आता परमुलखातून आलेले पाहुणे मुंबईत होते. पाणी कोठले प्यावे, गोव्यास बोटीने जावे की गाडीने, हे प्रश्न त्यांस पडणार होते. गिरगावकरास त्या वर्षी कॅसलरॉकला अगर कुळ्यास पेटी उघडून दाखवावी लागली नाही.