उसनी चाल, आपला गळा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची आखणी चालू असताना कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला. मंडळातीलच पाच तरुणांनी एक वाद्यवृंद उभारला होता. विलायती रॉक संगीतातील गाजलेली गाणी ते हुबेहूब वाजवीत. समारंभात आपल्यास अर्धा तास मिळावा, एवढीच त्यांची विनंती होती. प्रस्तुत लेखकाने त्या अर्जास विरोध केला, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. 'मराठी मंडळाच्या व्यासपीठावर परक्यांची नक्कल कशाला?' असा माझा सवाल होता. शेवटी, ऐकल्यावाचून निकाल देणे न्यायाचे नव्हे, असे ठरले आणि आम्ही चौघे स्नेही एका शनिवारी रात्री लंका भागातील एका सभागृहात जाऊन बसलो.

तेथील गोंगाट पहिली दहा मिनिटे असह्य वाटला. नंतर मात्र कान सरावले. मुले मन लावून वाजवीत होती. बीटल्सच्या गाण्यांना विद्यार्थ्यांनी टाळ्यांनी ताल धरला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही कानाशी वाकून म्हणाले, "अहो, छान आहे सारे, पण यात या मुलांचे स्वतःचे काय?"

परतताना रिक्षा न करता आम्ही अस्सीपासून घाटांनी चालत निघालो. स्नेह्यांचा प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मला आपल्याच रंगभूमीचा इतिहास आठवू लागला.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली बव्हंशी लोकांच्या कानांवरच्या होत्या. साकी, दिंडी, कीर्तनातील वळणे, कर्नाटकाकडील चाली, असे जे जे रुचले ते त्यांनी घेतले. पुढे १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंब्यांनी या नाटकासाठी मुख्यतः पूरबकडे हात पसरला. ठुमरी, दादरा, कजरी हे जे गायनप्रकार बनारस-लखनौच्या मैफलींत रुळलेले, त्यांच्या चालींवर मराठी शब्द चढले. बालगंधर्वांच्या भामिनीने त्या गाइल्या आणि पाहता पाहता त्या महाराष्ट्राच्या झाल्या. इतक्या झाल्या, की आज आपण त्याच पदांना 'आपले अस्सल मराठी संगीत' म्हणून, डोळे मिटून, याच काशीत दाद देतो! ज्या गल्ल्यांतून त्या चालींचे सूर दक्षिणेस गेले, त्याच गल्ल्यांत त्या मराठी पेहराव करून परत आल्या आहेत. आपल्याला ओळख पटत नाही, एवढेच.

काशी आणि महाराष्ट्र यांचा हा व्यवहार जुनाच आहे. पैठणहून येऊन काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडास गेले. पंडित भातखंडे यांच्या प्रेरणेने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी १९१९ची परिषद याच नगरीत झाली. येथील हिंदू विश्वविद्यालयात १९५० मध्ये संगीत महाविद्यालय उभे राहिले, ते पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या हातून. आणि ओंकारनाथजी हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे, याचा हिशेब मांडू गेले तर वही कधी मिटायचीच नाही.

आणि त्या बीटल्सचे तरी काय? हांबुर्गच्या मद्यगृहांतून हे तरुण रात्र रात्र दुसऱ्यांचीच गाणी वाजवीत असत. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या तबकडीतील चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची होती. स्वतःचा सूर सापडण्याआधी त्यांनीही उसन्या सुरांवरच गळा तयार केला. त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये सतार शिकण्यास पंडित रविशंकरांकडे आला. रविशंकरांचा जन्म १९२० सालचा, याच बनारसचा. म्हणजे लंकेवरील त्या सभागृहात ज्यास मी परके म्हणत होतो, त्याच्याही एका धाग्याचे टोक येथल्याच मातीत होते.

दशाश्वमेध घाटावर पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. हे सारे मी स्नेह्यांस सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "ठीक आहे. पण टेंब्यांनी चाल घेतली, शब्द मराठी घातले. ही मुले शब्दही त्यांचेच घेतात."

हे म्हणणे खोटे नव्हे. नक्कल आणि स्वीकार यांत अंतर आहे, आणि ते अंतर कापणे हे त्या मुलांचे काम आहे. मात्र त्यासाठी त्यांना उभे राहण्यास जागा हवी. ती आपण दिली नाही तर ते ती अन्यत्र शोधतील, आणि मग मंडळात केवळ आमच्या वयाची मंडळी 'मानापमान'च्या पदांवर माना डोलवीत बसतील. घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांत भाषा टिकते ती मुले आपल्या दारात येत राहिली तर. नुसत्या ठरावांनी ती टिकत नाही.

पुढील सभेत मी माझा विरोध मागे घेतला. मुलांना अर्धा तास देण्याचे ठरले. अट एकच, की त्यांतील एक तरी गाणे मराठी शब्दांत असावे. मुलांनी ती हसत मान्य केली व उलट एक अट आम्हांस घातली: नाट्यगीते गाणाऱ्या ज्येष्ठांनीही प्रत्येक पदाची मूळ चाल कोठली, ते आधी सांगावे.

त्या अटीमुळे आम्हां वडीलधाऱ्यांचा अभ्यास सध्या जोरात चालू आहे.