प्रबंध-नियोजन (सार्वजनिक आरोग्य)
सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी (एमपीएच) करावयाच्या संशोधनाचे टप्पे व मुदती आधी आखून घेण्याची पद्धती. प्रश्ननिश्चिती, पूर्वसंशोधनाचा आढावा, आराखडा, नैतिकता समितीची मंजुरी, माहिती-संकलन, विश्लेषण आणि लेखन हा सर्वसाधारण क्रम.

वडोदऱ्याचे खंडेराव मार्केट उदाहरणादाखल घेता येते. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये बांधलेल्या या वास्तूत महानगरपालिकेचे कार्यालय आहे व मागे भाजी-फुलांचा बाजार भरतो. तेथील विक्रेत्यांमधील उच्च रक्तदाब हा विषय घेतल्यास, प्रमाण ५०%, विश्वासपातळी ९५% व त्रुटीमर्यादा ५% धरून ३८५ जणांचा नमुना लागतो. एकूण विक्रेतेच थोडे असतील, तर हा आकडा सूत्राने कमी करता येतो. म्हणून आराखड्याआधी बाजारात फिरून गाळे मोजावेत. प्रश्नावली व संमतीपत्र गुजरातीत हवे. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाला ५ मिनिटे शांत बसवावे लागते, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना विक्रेता बसत नाही. सकाळच्या गर्दीची वेळ टाळावी लागते, त्यामुळे दिवसाची गणती कागदावरच्यापेक्षा बरीच कमी भरते. पूर्वचाचणीत हे लगेच कळते. ती वगळू नये. रक्तदाब वाढलेला आढळल्यास त्या व्यक्तीला उपचारासाठी पाठवण्याची सोयही आराखड्यातच असावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीच्या मंजुरीपूर्वी संकलन सुरू करता येत नाही. वेळापत्रकात सर्वाधिक मोकळीक मंजुरीच्याच टप्प्याला ठेवावी.