कोलोरॅडो नदीची क्षारता आणि आंतरराष्ट्रीय जबाबदारी : युमा निर्क्षारीकरण प्रकल्पाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दोन राष्ट्रांमधून वाहणाऱ्या नदीचे पाणी वाटून घेताना आजवर प्रामुख्याने परिमाणाचा विचार झालेला आहे. कोणाला किती पाणी मिळावे, हा तंट्याचा मुख्य विषय असे. ते पाणी कसे असावे, हा प्रश्न मात्र फार उशिरा पुढे आला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको यांच्यातील कोलोरॅडो नदीच्या क्षारतेचा वाद हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या वादाची पार्श्वभूमी, १९७३ चा तोडगा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या युमा येथील निर्क्षारीकरण प्रकल्पाचे फलित यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१९४४ चा करार व त्यातील उणीव :

३ फेब्रुवारी १९४४ रोजी झालेल्या जलकरारान्वये अमेरिकेने मेक्सिकोला कोलोरॅडोचे दरवर्षी १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १८५ कोटी घनमीटर पाणी देण्याची हमी दिली. हे पाणी अडवून मेक्सिकाली खोऱ्यातील शेतीकडे वळविण्यासाठी मेक्सिकोने १९५० मध्ये मोरेलोस धरण पूर्ण केले. तथापि, पाण्याच्या गुणवत्तेविषयी करारात स्पष्ट कलम नव्हते. उलट, हे पाणी नदीच्या कोणत्याही स्रोतातील असू शकेल, अशा आशयाची शब्दयोजना त्यात होती. पुढील संघर्षाचे मूळ या मौनात आहे.

क्षारतेचे संकट :

कोलोरॅडोच्या पाण्यातील सुमारे निम्मे क्षार खडक, माती व झरे यांतून नैसर्गिकरीत्या येतात. उरलेल्यांत सिंचन आणि बाष्पीभवन यांचा मोठा वाटा आहे. ॲरिझोनातील वेल्टन-मोहॉक प्रदेशात १९५० च्या दशकात कोलोरॅडोचे पाणी पोहोचल्यावर तेथील भूजलाची पातळी वाढू लागली आणि पिकांची मुळे क्षारयुक्त पाण्यात बुडण्याची वेळ आली. उपाय म्हणून १९६१ मध्ये विहिरींद्वारे हे भूजल उपसून गिला नदीमार्गे कोलोरॅडोत सोडण्यात आले. या निचऱ्याच्या पाण्यात दर दशलक्ष भागांत सुमारे ६००० भाग क्षार होते. परिणामी मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची सरासरी क्षारता सुमारे ८०० वरून १५०० भागांपर्यंत गेली. एका देशातील शेतकऱ्यांची जमीन क्षारपड होण्यापासून वाचली, परंतु तिचे क्षार सीमेपलीकडच्या शेतकऱ्याच्या कापसाच्या शेतात जाऊन पडले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये मेक्सिकोने औपचारिक निषेध नोंदविला. शेतीसाठी दिलेले पाणी शेतीस योग्य असलेच पाहिजे, ही त्याची भूमिका होती. तर करारात गुणवत्तेची अटच नाही, असा अमेरिकेचा युक्तिवाद होता. १९६५ मध्ये निचऱ्याचे पाणी मोरेलोस धरणाच्या खाली सोडता यावे म्हणून कालवा बांधण्याची तात्पुरती तडजोड झाली. जून १९७२ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष लुईस एचेवेरिया यांनी अमेरिकी काँग्रेसपुढील भाषणात हा प्रश्न थेट मांडला. त्यानंतर अध्यक्ष निक्सन यांनी हर्बर्ट ब्राउनेल यांची विशेष प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली.

मिनिट २४२ व युमा प्रकल्प :

३० ऑगस्ट १९७३ रोजी आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोगाचे ‘मिनिट २४२’ संमत झाले. मोरेलोस धरणाच्या वर मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची वार्षिक सरासरी क्षारता अमेरिकेतील इम्पीरियल धरणापाशी असलेल्या क्षारतेपेक्षा ११५ भागांहून (३० भाग कमी-अधिक) जास्त नसावी, असे ठरले. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. हे बंधन निरपेक्ष नसून तुलनात्मक आहे. इम्पीरियल धरणापाशीच क्षारता वाढली, तर मेक्सिकोच्या पाण्यातही ती वाढू शकते. म्हणूनच १९७४ च्या क्षारता नियंत्रण कायद्यात नदीच्या वरच्या भागातील उपाययोजनांचाही समावेश करण्यात आला.

याच कायद्यान्वये युमा येथे निर्क्षारीकरण प्रकल्प मंजूर झाला. निचऱ्याचे पाणी आधी गाळून, मग मोठ्या दाबाने पातळ पटलांतून पार करून शुद्ध करावयाचे व नदीत परत सोडावयाचे, अशी ही योजना होती. सुमारे २५ कोटी डॉलर खर्चाचा हा प्रकल्प १९९२ मध्ये पूर्ण झाला. परंतु एक-तृतीयांश क्षमतेने काही महिने चालल्यावर गिला नदीच्या पुरात निचरा-कालव्यांचे नुकसान होऊन जानेवारी १९९३ मध्ये तो बंद पडला. पुढे २००७ मध्ये आणि २०१०-११ मध्ये केवळ चाचणीपुरता तो चालविण्यात आला.

मग अमेरिकेने जबाबदारी कशी पार पाडली? निचऱ्याचे सुमारे एक लाख एकर-फूट पाणी दरवर्षी वेगळ्या कालव्याने मेक्सिकोतील सांता क्लारा पाणथळीकडे सोडले गेले. कराराच्या हिश्शात ते धरले जात नसल्याने तेवढी तूट धरणांतील साठ्यातून भरून काढावी लागली. टाकाऊ समजल्या गेलेल्या या पाण्यावर मात्र सुमारे १६००० हेक्टरांची पाणथळ बहरली आणि दुर्मीळ पाणपक्षी व वाळवंटी मासे यांना आश्रय मिळाला. प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालविल्यास या पाणथळीचे पाणी घटेल आणि उरलेले अधिक खारट होईल, असा नवा पेच त्यातून निर्माण झाला.

निष्कर्ष :

१) कराराने गुणवत्तेविषयी मौन बाळगले, तर त्याची किंमत प्रवाहाच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्यास मोजावी लागते.

२) गुणवत्तेची जबाबदारी आकड्यांत बांधली गेली, तेव्हाच ती पाळली गेली. १९६० च्या सिंधू जलकरारात प्रदूषण शक्यतो टाळण्याचा केवळ हेतू व्यक्त झालेला आहे (भारताने हा करार एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवला). त्याच्याशी तुलना करता मिनिट २४२ चे महत्त्व अधिक स्पष्ट होते.

३) मात्र हे आकडे केवळ दोन राज्यकर्त्यांमधील देवाणघेवाणीचे होते. नदीच्या मुखाशी असलेल्या जीवसृष्टीला त्यात स्थान नव्हते. ती जगली ती योजनेमुळे नव्हे, तर योजना रखडल्यामुळे. पाणीवाटपाच्या इतिहासाचा अभ्यास करताना कोणाला काय मिळाले याबरोबरच हिशेबात कोणाला धरलेच गेले नाही, याचाही शोध घेणे अगत्याचे ठरते.