यंत्रलोपाच्या कथा आणि हिंगोलीकडील तीन शब्द

यंत्रे एकाएकी बंद पडली तर मनुष्य कसा जगेल, हा प्रश्न पाश्चात्त्य कथावाङ्मयात शंभराहून अधिक वर्षे घोळत आला आहे. रिचर्ड जेफरीज याची ‘आफ्टर लंडन’ (१८८५) आणि ई. एम. फॉर्स्टर याची ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या त्यांपैकी आरंभीच्या कृती होत. प्रस्तुत विवेचनाला मात्र रने बार्झाव्हेल या फ्रेंच लेखकाची ‘राव्हाझ’ (१९४३) ही कादंबरी अधिक सोयीची आहे. तीत इ. स. २०५२ मध्ये वीज अकस्मात नाहीशी होते. पॅरिस उद्ध्वस्त होते, आणि शेतकरी कुळातला नायक थोड्या सोबत्यांसह दक्षिणेकडील आपल्या मुलखात पोचतो. तेथे यंत्राविना चालणारा समाज उभा राहतो व नायक त्याचा कुलपती होतो. शहराने जे गमावले ते खेड्याने राखून ठेवले आहे, हे या कथेचे गृहीतक होय. ते हिंगोली जिल्ह्याला लावून पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

वर्गात एकदा ‘थारोळे’ शब्दाचा अर्थ विचारला. ‘रक्ताचे’ एवढेच उत्तर आले. उत्तर देणाऱ्यांत औंढा व कळमनुरी भागांतली, शेतकऱ्यांच्या घरांतली मुले होती. खून व अपघात यांच्या बातम्यांतून हा शब्द रोज छापला जातो. परंतु विहिरीच्या काठी मोटेची सोंड ज्या कुंडात रिकामी होई ते थारोळे, हे त्यांना ठाऊक नव्हते. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, पाणी थारोळ्यात पडून पाटाने वाफ्यांकडे जाई. मग बैलांना मागच्या पावली धाव चढवून पुन्हा विहिरीशी आणावे लागे. इंजिने व विजेचे पंप आले तेव्हा ही सारी रचना गेली. शब्द उरला, तो रक्त साठवण्यापुरता.

‘पेव’ या शब्दाचेही असेच झाले. महाविद्यालयांचे पेव फुटले असे आपण सहज लिहितो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले धान्याचे कोठार. ते उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाऊ द्यावी लागे. घाईने आत उतरणारा मनुष्य गुदमरून मरे. ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारात विपुलता तेवढी टिकली, धोका टिकला नाही. यंत्रलोपाच्या कादंबरीतील एखाद्या पात्राने केवळ वाक्प्रचाराच्या भरवशावर पेव उघडले, तर ती कादंबरी त्याच पृष्ठावर संपेल! तिसरा शब्द ‘चकमक’. मूळ तुर्की असलेला हा शब्द गारेवर पोलाद आपटून ठिणगी पाडण्याच्या साधनाचा आहे. आगकाडी आली, ठिणगी कापसावर झेलण्याचे कसब गेले, आणि चकमक पोलिसांची व दरोडेखोरांची होऊ लागली.

लक्षणेने शब्द टिकतो म्हणजे विद्या टिकते, असे समजण्याचा मोह भाषेच्या अभ्यासकाला विशेष होतो. प्रस्तुत लेखकही त्यातून सुटला नव्हता. वस्तुतः लक्षणेचे चलन वाढले, की मूळ वस्तूची आठवण नसली तरी कोणाचे काही अडत नाही.

मोट पुन्हा चालू करावयाची म्हटली तरी ती चालणार कशी? बोअरचे तोंड वीतभर रुंद; त्यात मोट शिरतच नाही. मागे चालण्यास शिकविलेले बैल नाहीत. याहून महत्त्वाची अडचण वेगळीच आहे. मोटेचे कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, दोर वळण्याचे मांग समाजाकडे, अशी वाटणी बलुतेदारीने जन्मावरून केलेली होती. त्र्यं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचणारास ही व्यवस्था परिचित आहे. त्या हातांतील कसब अपूर्व होते यात शंका नाही. पण त्याबरोबर अस्पृश्यता होती आणि दारोदार मागावयाचे बलुते होते. पुढच्या पिढीने ते काम टाकले, ते केवळ पंप आला म्हणून नव्हे. त्या टाकण्यात सुटका होती. विस्मरणाला सरसकट हानी म्हणणारे यंत्रलोपाचे कथाकार ही बाजू पाहत नाहीत. बार्झाव्हेलच्या नायकाला कुलपतिपद मिळते. हिंगोलीत तसे गाव उभे करावयाचे तर कातडे कोणी कमवावयाचे, हे आधी सांगावे लागेल.

याच्या उलट प्रकारही या भूमीने पाहिला आहे. आजचा हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञान, वैद्यक आदी शास्त्रे उर्दूतून शिकविली जात; त्यांसाठी भाषांतर विभागाने हजारो पारिभाषिक संज्ञा घडविल्या होत्या. संस्थान गेले, माध्यम बदलले, आणि ती परिभाषा थोडक्या वर्षांत निरुपयोगी झाली. येथे विद्या राहिली व शब्द गेले.

रसेल होबनच्या ‘रिडली वॉकर’ (१९८०) मध्ये अणुसंहारानंतर दोनएक हजार वर्षांनी माणसे मोडक्या इंग्रजीत यंत्रयुगाचे शब्द मंत्रासारखे उच्चारतात. ही कल्पना मला फार खरी वाटते. आपण ‘थारोळे’ म्हणतो तेव्हा वेगळे काय करतो? मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ कथेत मुंबईत बर्फ पडते आणि संकटावर तोड निघते ती वैज्ञानिकाच्या बुद्धीने. खेडे त्या कथेच्या कक्षेबाहेर आहे. आता औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ, चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. केंद्राने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रयोगशाळा आणि विसरलेली मोट एकाच शिवारात आणून ठेवण्याची सोय पुढच्या मराठी कथाकाराला आयतीच झाली आहे.

सुटीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोट, पेव व चकमक यांच्या भागांची नावे वृद्धांकडून अवश्य टिपावीत. मात्र प्रत्येक नावापुढे तो भाग कोण घडवीत असे हेही लिहावे, आणि घडविणारा भेटल्यास ते काम मुलाने पुढे चालवावे असे त्याला वाटले होते काय, हेही त्याला विचारावे.