१९२८ चे दोन पूल

दर वर्षी गणपतीला आम्ही मुंबईहून गावी जातो. महाडजवळ सावित्रीचा पूल आला की आई हात जोडते. पूर्वी एसटीच्या खिडकीतून बाबा नदीत नाणं टाकायचे. आता एसी गाडीच्या काचा बंद असतात, त्यामुळे नाणं राहिलं, हात जोडणं उरलं. पण २०१६ पासून त्या हात जोडण्याचा अर्थ बदललाय.

२ ऑगस्ट २०१६. रात्र, धो धो पाऊस, सावित्रीला पूर. मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसट्या (जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली) आणि काही खाजगी गाड्या माणसांसकट अंधारात नदीत गेल्या. पुढे कितीतरी दिवस शोध चालला. गाड्या सापडाव्यात म्हणून क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून पाण्यात सोडलं होतं, ते टीव्हीवर बघितलेलं आठवत असेल. माझा काका त्याच दिवशी दुपारच्या एसटीने त्याच पुलावरून मुंबईला आला होता. काही तासांचा फरक. आमच्याकडे अजून त्यावर कोणी फार बोलत नाही.

बोलतात ते बाबा, आणि तेही एकच किस्सा. "अरे, विलायतेच्या कंपनीने पत्र पाठवलं होतं, की तुमच्या पुलाचं आयुष्य संपलंय, आता वापरू नका." हा किस्सा तुम्हीही ऐकला असेलच. मी तो निदान पाच-सहा वेगवेगळ्या पुलांबद्दल ऐकलाय आणि ते पत्र पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय :-) पण आपल्याला तो का आवडतो, ते यंदा गाडीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. त्या किस्स्यात कोणीतरी एक असा असतो, ज्याला आपला पूल आठवतो.

तर मंडळी, या वीकेंडला हाच प्रश्न घेऊन बसलो. पूल बांधणाऱ्यांचा इतिहास सगळीकडे सापडतो. पूल लक्षात ठेवायची पद्धत कधी सुरू झाली?

त्याचं उत्तर बऱ्याच अंशी अमेरिकेत आहे, आणि त्याची सुरुवातही एका पडलेल्या पुलापासूनच होते. योगायोग असा की सावित्रीचा पूल १९२८ चा आणि हा पूलही १९२८ चाच.

ओहायो नदीवर, वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावाला पलीकडच्या ओहायो राज्याशी जोडणारा हा झुलता पूल. त्याला अॅल्युमिनियमचा चंदेरी रंग दिलेला होता, म्हणून नाव सिल्व्हर ब्रिज. त्याची रचना जरा वेगळी होती. झुलत्या पुलाला एरवी तारांचे जाड दोर असतात. इथे पोलादी पट्ट्यांची साखळी होती, सायकलच्या चेनसारखी. प्रत्येक कडीत फक्त दोन पट्ट्या. म्हणजे एक तुटली की संपलं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर', बॅकअप नाही.

१५ डिसेंबर १९६७, संध्याकाळी पाचच्या सुमारास, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत हा पूल सुमारे मिनिटभरात अख्खाच्या अख्खा नदीत गेला. ४६ माणसं मेली. तपासात कारण निघालं एक भेग. एका पट्टीच्या भोकाच्या कडेला, गंज आणि ताण यांनी मिळून तयार केलेली, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल. सांधा उघडल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं. शिवाय पूल बांधला तेव्हा रस्त्यावर फोर्डच्या हलक्या मॉडेल टी गाड्या होत्या. १९६७ पर्यंत गाड्या दुपटीहून जड झालेल्या. लोड वाढत गेला, सिस्टीम तीच.

पण मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. तोपर्यंत अमेरिकेत पुलांच्या तपासणीचा देशभर लागू असा एकही नियम नव्हता. चंद्रावर माणूस पाठवायची तयारी चाललेल्या देशात एकूण पूल किती आहेत, याचीही पक्की यादी नव्हती! १९६८ साली कायदा झाला आणि १९७१ साली नियम आले: पुलांची यादी करा, तपासणाऱ्याची पात्रता ठरवा, आणि निदान दोन वर्षांनी एकदा प्रत्येक पूल बघा. पुलाच्या प्रत्येक भागाला शून्य ते नऊ गुण. नऊ म्हणजे झकास, शून्य म्हणजे निकामी.

मग पूल पडायचे थांबले का? नाही. पुढचे नियमही असेच आले, माणसं गेल्यावर.

१९८३ च्या जूनमध्ये कनेक्टिकटमधल्या मिआनस नदीवरच्या पुलाचा सुमारे तीस मीटरचा तुकडा मध्यरात्रीनंतर खाली पडला. ३ जण गेले. तिथे रस्त्यावरचं पाणी वाहून जायची भोकं डांबरीकरण करताना बुजवली होती. पाणी साठून नको तिथे झिरपत राहिलं आणि पुलाचा तो भाग तोलून धरणाऱ्या खिळेवजा पिना गंजल्या. एप्रिल १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल पुरात पडला. १० जण गेले. वरून पूल ठीक होता, पण खांबाच्या पायाखालची माती पाण्याने उकरून नेली होती. आपल्या कोकणात ओढ्याच्या साकवाखालची माती पावसाळ्यात धुपते ना, तीच गोष्ट मोठ्या प्रमाणात. १९८८ मध्ये नियमांत दोन नवे प्रश्न आले. ज्याच्या तुटण्याने पूल पडेल असे भाग कुठले, ते वेगळे तपासलेत का? आणि पाण्याखाली उतरून पाया बघितलात का?

थोडक्यात, तपासणीचा फॉर्म म्हणजे पडलेल्या पुलांची यादीच आहे. प्रत्येक रकान्यामागे कोणीतरी मेलेलं आहे.

याच सुमारास आमची जमात या गोष्टीत आली. लाखो पूल, दर दोन वर्षांनी येणारे आकडे, आणि पैसे मर्यादित. कुठला पूल आधी दुरुस्त करायचा? म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या संघराज्य सरकारने काही राज्यांना बरोबर घेऊन एक सॉफ्टवेअर करायला घेतलं. त्याचं नाव पॉन्टिस, लॅटिनमधल्या पुलाच्या शब्दावरून. कल्पना भारी होती. पुलाचे भाग करायचे: खांब, तुळया, स्लॅब, सांधे. प्रत्येक भागाच्या चांगल्या-वाईट अवस्था ठरवायच्या. एका अवस्थेतून पुढच्या वाईट अवस्थेत जायची शक्यता किती, ते मांडायचं (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला डोक्यावरून गेलेली मार्कोव्ह चेन ती हीच!) आणि आज थोडा खर्च केला तर लांबच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त काय पडेल, ते काढायचं.

उत्तर बहुतेक वेळा कंटाळवाणं येतं: रंग द्या, सांधे बदला, पाणी जायची भोकं साफ करा. १९८४ मध्ये डी सिटर नावाच्या अभ्यासकाने काँक्रीटच्या बांधकामांबद्दल एक ढोबळ नियम मांडला होता. बांधताना वाचवलेला एक रुपया देखभालीत पाच रुपयांचा होतो, दुखणं सुरू झाल्यावर पंचवीसचा आणि पार हाताबाहेर गेल्यावर सव्वाशेचा. आम्ही बगच्या किमतीबद्दल अगदी हेच ऐकत मोठे झालो. तरी रिलीजच्या आदल्या रात्री आम्हीही तेच करतो, ते असो. बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे: "नव्या पुलाची फीत कापायला सगळे येतात. भोकं साफ केल्याची फीत कोण कापणार?"

आता यादी आहे, नियम आहेत, सॉफ्टवेअर आहे. मग १ ऑगस्ट २००७ ला मिनिआपोलिसमध्ये काय झालं? मिसिसिपी नदीवरचा, आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. १३ मृत्यू, १४५ जखमी. हा पूल १९६७ साली वाहतुकीला खुला झालेला, म्हणजे सिल्व्हर ब्रिज पडला त्याच वर्षी. त्याची तपासणी दोन वर्षांनी नव्हे, दर वर्षी होत होती. त्याचे गुण कमी होते, हेही सगळ्यांना माहीत होतं. तपासणारे पोलादातल्या भेगा शोधत होते, आणि पूल पडला भलत्याच कारणाने. तुळया जिथे एकत्र येतात तिथल्या जोडपट्ट्या, म्हणजे गसेट प्लेट्स, मूळ डिझाइनमध्येच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. एक इंचाऐवजी अर्धा. त्यात त्या दिवशी दुरुस्तीचं सामान, खडी-वाळू आणि यंत्रं नेमकी त्याच भागावर ठेवलेली.

आणि आता खरा धक्का. २००३ च्या एका फोटोत त्या प्लेट्स वाकलेल्या स्पष्ट दिसतात. चार वर्षं आधी! फोटो होता. फक्त "हे वाकलंय का?" असा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल करायला हवी. एका जुन्या नोकरीत दर तिमाहीला सर्व्हरची तपासणी करून शीट भरायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दोन वेळा मनापासून केलं. तिसऱ्या वेळी गेल्या तिमाहीचं शीट उघडलं, तारीख बदलली, सगळीकडे 'ओके' तसंच ठेवलं आणि पाठवून दिलं. कोणी काही विचारलं नाही. पुढे एका रात्री डिस्क गेली आणि बॅकअप उघडायला गेलो तर बॅकअप कित्येक आठवडे होतच नव्हता. शीटवर 'बॅकअप: ओके' हे माझंच होतं. माणसं मेली नाहीत, दोन दिवसांचा डेटा गेला आणि वीकेंड गेला. पण सावित्रीच्या पुलाबद्दल "मे २०१६ मध्येच तपासणी झाली होती, पूल वाहतुकीला सुरक्षित आढळला होता" हे वाचलं, तेव्हा त्या इंजिनिअरवर ओरडायला माझं तोंड उघडेना. मला ते शीट आठवलं. त्याने काय बघितलं ते मी कोण सांगणार? पण 'सुरक्षित' या एका शब्दात काय काय न बघता मावतं, ते मला माहीत आहे.

महाडनंतर आपल्याकडे हालचाल झाली, हे नाकारता येणार नाही. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पुलांची देशव्यापी यादी सुरू केली, इंडियन ब्रिज मॅनेजमेंट सिस्टीम. मोऱ्या धरून दीड लाखाहून जास्त बांधकामांची नोंद झाली, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आणि नकाशावरची जागा. म्हणजे बाबांच्या किस्स्यातलं ते विलायतेचं पत्र आता आपलं आपणच पाठवायची सोय झाली.

पण पत्र पाठवून भागत नाही. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. १५ जून २०२५ ला, रविवारी, पुण्याजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. ४ जण गेले. तिथे पूल धोकादायक असल्याचा फलक होता. म्हणजे प्रश्न विचारला होता, उत्तर माहीत होतं, ते लिहून टांगलंही होतं. त्यापुढे पूल खरोखर बंद करणं एवढंच राहिलं होतं.

म्हणजे आपण एकेक पायरी चढतोय. आधी बघतच नव्हतो. मग बघायला लागलो, पण ठरलेलंच बघायचो. आता कुठे बरोबर काय ते कळायला लागलंय, पण कळल्यावर त्याच दिवशी काही करायचं, ही पायरी बाकी आहे. ती सॉफ्टवेअरने चढता येत नाही. त्यासाठी कोणीतरी सही करून रस्ता अडवावा लागतो, आणि मग "आम्ही जायचं कुठून?" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

यंदा परत येताना सावित्रीवर मी गाडी हळू केली. आईने हात जोडले. बाबांनी विचारलं, "काय बघतोयस?"

"पाणी जायची भोकं," म्हटलं. "उघडी आहेत का ते."

बाबांनी काच खाली केली आणि तेही वाकून बघायला लागले.